आवश्यकतेनुसार घट्ट करावे

भिलाईत तीस जूनच्या संध्याकाळी हॉल मिळणं किती कठीण आहे हे समजायचं, तर आधी गोंदियाकडच्या हेडमास्तरांविषयी सांगायला हवं. हे हेडमास्तर एक नव्हते, गावागणिक एकेक होते, पण रीत सगळ्यांची सारखी. बाप लेकराला शाळेत घालायला आला की ते विचारीत, "जलम कव्हाचा?" बाप म्हणे, "धान लावून राहिलो होतो, तव्हाचा." हेडमास्तर टाक बुडवीत आणि लिहीत : एक जुलै. लेकरू थंडीतलं असो की उन्हाळ्यातलं, हेडमास्तरांच्या लेखी सगळी एकाच दिवशी जन्मली. ही पिढी पुढे रेल्वेत बसून दुर्गच्या बाजूला आली आणि भिलाईच्या पोलाद कारखान्यात लागली. आता नोकरीचा नियम असा, की महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे दर तीस जूनला भिलाईत जिकडेतिकडे ढोल वाजतो, हार घातलेली माणसं जीपमधून घरी सोडली जातात आणि हॉल कोणालाच मिळत नाही.

माझी बायको रुक्मा एक जुलैचीच.

ती कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये छत्तीस वर्षं होती. मी तिच्याआधी निवृत्त झालो, तेही दोन हजार वीसच्या एप्रिलमध्ये, म्हणजे बाहेर पडायलाही बंदी होती तेव्हा. ना हार, ना ढोल. मी बाल्कनीत उभं राहून चहा पीत निवृत्त होत होतो, तेवढ्यात रुक्मानं फोन माझ्या हातात दिला. तिनं आमच्या विभागातली त्रेचाळीस माणसं एकाच लाईनवर जोडून ठेवली होती. एकेकजण माझ्याविषयी अर्धा मिनिट बोलला. जे बोलले ते बहुतेक खोटं होतं, पण मी बाल्कनीत रडलो. समोरच्या गुलाबराव मेश्रामांना वाटलं, मला लागण झाली. त्यांनी खिडकी लावून घेतली.

म्हणून यंदा रुक्माच्या निवृत्तीची वेळ आली तेव्हा मी म्हणालो, "हॉलचं माझ्याकडं लागलं."

"तुमच्याकडं?" ती म्हणाली. तिनं एवढंच विचारलं, पण संसाराचं चाळीस वर्षांचं ऑडिट त्यात येऊन गेलं. मग म्हणाली, "बाकी काही नाही झालं तरी चालन. पण संध्याकाळचाच पायजे. दुपारच्या निरोपाले लोक जेवून घोरतात. लोकांचे फोन जोडून देता देता जलम गेला माहा. एक दिवस मले कोणीतरी नीट आयकावं."

आता हे ऐकल्यावर कोणता नवरा स्वस्थ बसेल?

हुडको वसाहतीतल्या आमच्या रहिवासी मंडळाचं मैत्री सभागृह आहे. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीन सत्रं. पूर्वी सचिव केवलराम यांच्या घरी जाऊन वहीत नाव लिहून यायचं. केवलराम कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले. त्यांच्याकडून एक झाडू मिळवायलाही तिघांच्या सह्या लागत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मनात आधुनिकता शिरली आणि आरक्षण ऑनलाईन झालं. फॉर्ममध्ये एकोणीस रकाने. त्यात 'उत्सवमूर्तीच्या आईचं माहेरचं आडनाव' आणि 'कार्यक्रमाचा उद्देश, थोडक्यात, किमान शंभर अक्षरांत' हेही. आणि सुरक्षेच्या कारणास्तव तीन मिनिटांत फॉर्म भरला नाही, तर पान आपोआप बंद. कोणाच्या सुरक्षेचं कारण, ते लिहिलेलं नाही. बाकीचे दिवस कधीही घेता येत, पण तीस जूनचं आरक्षण उघडणार होतं एक जूनला सकाळी बरोबर दहा वाजता.

मी मे महिन्यात सराव सुरू केला. ऑगस्टातला एक मंगळवार निवडला, ज्यावर कोणाचाच डोळा नव्हता, आणि फॉर्म भरायला बसलो. मी एका बोटानं टाईप करतो. ते बोट अनुभवी आहे, पण एकटं आहे. पहिल्या दिवशी सासूबाईंच्या माहेरच्या आडनावापर्यंत पोचलो आणि पान गेलं. दहाव्या दिवशीही सासूबाईंच्याच माहेरी होतो. तेच एकोणीस रकाने कोऱ्या पानावर टाईप करून घड्याळ लावून मोजलं, तर अकरा मिनिटं लागत होती.

मुलगा सुगत पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला फोन केला.

"अरे पप्पा, इतना क्या टेन्शन! ब्राऊजरचा एक छोटासा प्लगइन बनवून टाका. बटन दाबलं की फॉर्म भरून जाईल. दहा ओळींचं काम आहे."

"मग तूच का नाही करून देत?"

"मेरा रिलीज़ है पप्पा." त्याचं हे रिलीज गेली दोन वर्षं चालू आहे, अजून काय आत अडकलं आहे कोण जाणे. "तुम्ही डॉक्युमेंटेशन वाचा ना. सब लिखा है उसमें."

डॉक्युमेंटेशन वाचा, असं तो मला म्हणाला. मला! मी कारखान्यात चौतीस वर्षं दुसरं काही केलंच नाही. पंप कसा सुरू करावा, व्हॉल्व्ह कसा बंद करावा, गॅस सुटला तर कोणत्या दिशेनं पळावं, या सगळ्याच्या कार्यपद्धती-पुस्तिका माझ्या हातच्या. भिलाईचं पोलाद कामगारांनी केलं असं लोक म्हणतात. म्हणोत. त्यांनी ते कसं केलं हे लिहिलं कोणी?

तर अशा आत्मविश्वासानं मी ते डॉक्युमेंटेशन उघडलं.

पहिल्याच पानावर सूचना होती, की हे पान जुन्या आवृत्तीविषयी आहे, नव्यासाठी इथे जा. तिथे गेलो. नव्या पानावर लिहिलं होतं, की ही पद्धत पूर्वीसारखीच आहे, तपशिलासाठी जुनं पान पाहा. मी त्या दोन पानांमध्ये सकाळपासून जेवणापर्यंत फिरलो. रुक्मानं दोनदा विचारलं, "काही भेटलं का?" मी म्हणालो, "जवळ आलोय." हे मी त्या महिन्यात रोज म्हणत होतो.

तिसऱ्या दिवशी एक नमुना सापडला. त्यात पहिल्या चार ओळी होत्या, मग तीन टिंबं, आणि खाली लिहिलं होतं, 'उरलेला भाग आपल्या गरजेप्रमाणे लिहावा.' अहो, गरज होती म्हणून तर आलो होतो! एके ठिकाणी एका आज्ञेचा अर्थ दिला होता. आज्ञेचं नाव 'मूल्य ठरवा', आणि अर्थ : 'याने मूल्य ठरते.' मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेच होतं.

कसाबसा पहिला प्लगइन तयार करून ब्राऊजरमध्ये घातला, तर त्यानं कळवलं, 'सेवा-कामगार निष्क्रिय आहे.' आता कामगार निष्क्रिय असेल तर काय करायचं हे मला चांगलं ठाऊक आहे. शिफ्ट इन्चार्जला कळवायचं. पण इथे इन्चार्ज कोण? मी इंटरनेटवर जाणकारांच्या एका चावडीवर अदबीनं प्रश्न टाकला. वीस मिनिटांत उत्तर आलं, की हा प्रश्न सात वर्षांपूर्वी विचारून झाला आहे, सबब बंद. सात वर्षांपूर्वीच्या प्रश्नाखाली त्याच विचारणाऱ्यानं लिहिलं होतं, 'जमलं. आभारी आहे.' काय जमलं, कसं जमलं, काही नाही. हा इसम मला कधी भेटला तर मी त्याला चहा पाजीन, आणि कपाचा कान कुठे आहे ते सांगणार नाही.

हे सगळं लिहिणाऱ्या माणसाविषयी माझं मत इतकं वाईट झालं, की मी घरात मोठ्यानं बोलू लागलो. "ज्याला स्वतःला येतं, तो असंच लिहितो! वाचणाऱ्याचा विचारच नाही! अशा माणसाला एकदा त्याचाच कागद देऊन मशीनपुढं उभं केलं पाहिजे!"

खिडक्या उघड्या होत्या, त्यामुळे सल्ले येऊ लागले.

सर्वांत आधी आले बळीराम, पलीकडच्या घरातले, रोलिंग मिलचे निवृत्त फिटर. ते लॅपटॉपच्या मागच्या बाजूनं वाकून बघत म्हणाले, "कावून एवढं करून राहिले तुम्ही? केवलरामले जाऊन भेटा ना सिद्धे."

"भेटलो. म्हणतो, सिस्टीम आहे."

"मंग सिस्टीम खोलून पाहा."

"तेच करतोय."

"इस्क्रू कोठी हाय याचा?"

सुपेल्याच्या चौकात नरेशचं मोबाईल-दुरुस्तीचं दुकान आहे. त्यालाही दाखवलं. त्यानं लॅपटॉप नुसता हातात तोलला आणि म्हणाला, "अंकल, फार्मेट कर देथंव." नरेशकडे कुठलीही तक्रार घेऊन जा, तो फॉरमॅट करतो. त्याच्या सासऱ्यांना गुडघेदुखी आहे. ते त्याच्यासमोर लंगडत नाहीत म्हणतात.

आणि एकदा बावीस मेच्या दुपारी, मी काहीही वेगळं केलं नसताना, ते चालू झालं. बटन दाबलं आणि एकोणीस रकाने डोळ्यांदेखत भरले गेले. आईचं माहेरचं आडनावसुद्धा. मी रुक्माला हाक मारली. ती कणकेच्या हातांनी आली, बघितलं, आणि म्हणाली, "काहून चाललं आता?"

मी म्हणालो, "ते विचारू नको."

इथे मला एक कबुली द्यावी लागेल. सरावात मी फॉर्म नुसता भरून बघत होतो. पाठवत नव्हतो, कारण ऑगस्टातला मंगळवार घेऊन करायचं काय? पाठवण्याचं काम प्लगइनला शिकवलं ते सगळ्यात शेवटी. आणि शिकवताना माझा हात सवयीनं गेला. चौतीस वर्षांत मी कारखान्यात एक प्रतीचा कागद पुढे गेलेला पाहिला नाही. मूळ प्रत, दुय्यम प्रत, आणि कार्यालयीन प्रत. रजेचा अर्ज असो की क्रेनचा, एका प्रतीत दिला तर तो दिलाच नाही असं धरतात. म्हणून मी प्लगइनला सांगितलं : फॉर्म भर, पाठव, पुन्हा भर, पाठव, पुन्हा भर, पाठव. असं केल्यानं काय होतं, हे डॉक्युमेंटेशनमध्ये शोधलं. लिहिलं होतं, 'परिणाम परिस्थितीनुसार.' हे वाक्य मला ओळखीचं वाटलं. भाषा चांगली होती.

एक जून. दहाला पाच कमी. मी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. मागे रुक्मा, बाजूला बळीराम. दहा वाजले. बटन दाबलं. दहा वाजून चार सेकंदांनी फोन वाजला : 'तीस जून, संध्याकाळ सत्र, आपले आरक्षण झाले आहे.' बळीरामांनी माझ्या पाठीवर असा हात मारला, की चष्मा कीबोर्डवर पडला. रुक्मा हसली. मग फोन पुन्हा वाजला : 'मागितलेले सत्र भरले असल्याने आपल्याला दुपार सत्र देण्यात आले आहे.' आणि पुन्हा : 'सकाळ सत्र.'

तीस जूनचा अख्खा दिवस आमचा झाला होता.

अर्ध्या तासात फाटकाशी गर्दी. आमच्या मंडळात तीस जूनला निवृत्त होणारे रुक्मा धरून अकराजण होते. पुढे गुलाबराव, आणि त्यांच्या शेजारी दवाखान्यातल्या हिराबाई, ज्यांनी हुडकोतल्या निम्म्या लोकांना इंजेक्शनं दिलेली असल्यानं त्यांच्यासमोर कोणी ताठ उभं राहत नाही.

"सकाळी कोणाले निरोप देऊन राहिले, देवीदासभाऊ?" गुलाबराव म्हणाले. "आन् दुपारी कोणाले? वहिनी एकच हायेत ना?"

"चुकून झालं. कार्यालयीन प्रत होती ती."

"आमचा निरोप तुमच्या फायलीत लावता का?" हिराबाई म्हणाल्या. "रुक्मा, तू तरी सांग याले."

रुक्मा माझ्याकडे बघत होती. एक्स्चेंजमध्ये चुकीचा नंबर लागला की ती असंच बघत असणार, शांतपणे, दोष कोणाचा हे माहीत असल्यासारखं.

मी केवलरामांकडे गेलो आणि म्हणालो, दोन सत्रं रद्द करा, संध्याकाळ ठेवा. केवलरामांनी कपाटातून मंडळाची नियमपुस्तिका काढली, बोट लावून नियम चौदा काढला आणि वाचला : "'संबंधित व्यक्तीची आरक्षणे आवश्यकतेनुसार, योग्य त्या रीतीने रद्द करण्यात यावीत.'"

"बरोबर. दोन करा."

"दोन कुठं लिहिलंय? आरक्षणे लिहिलंय. मंजे सगळी."

"पण आवश्यकतेनुसार म्हटलंय ना!"

"मंग आवश्यकता कोणाची? तुमची का मंडळाची?"

"हे असलं संदिग्ध लिहिलं कोण्या गाढवानं?" मी ओरडलो.

केवलराम स्टोअरमधले. त्यांनी पुस्तिका उलटी केली आणि शेवटचं पान माझ्यापुढे धरलं. 'लेखन साहाय्य : श्री. देवीदास रामटेके. सन २००९.'

पुस्तिका छापून आली तेव्हा मंडळानं मला शाल दिली होती. ती अजून घरात आहे. एक जूनचं ऊन बेचाळीसवर होतं, तरी मला थंडी वाजली.

समितीची बैठक झाली. ठरलं असं : तिन्ही सत्रं रद्द, पुढच्या रविवारी दहा वाजता आरक्षण पुन्हा उघडेल. आठजण "हमको नहीं पड़ना इसमें" म्हणून आपापल्या अंगणात शामियाना टाकायला निघून गेले. उरले गुलाबराव आणि हिराबाई, आणि त्यांनी समितीपुढे मागणी केली, की ते यंत्र आम्हालाही द्यावं. प्लगइनविषयी नियमपुस्तिकेत काही नव्हतं. जिथे मी काही लिहिलेलं नसतं, तिथे निर्णय पटकन होतो असा अनुभव आहे. निर्णय झाला : देवीदासभाऊंनी मागेल त्या सभासदाला प्लगइन द्यावा, आणि तो कसा बसवायचा, कसा चालवायचा, त्याचा कागद लिहून द्यावा.

कागद मी एका तासात लिहिला. छान जमला होता. खात्रीसाठी बळीरामांना बोलावलं. ते खुर्चीत बसले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाले, "वाचा. कागदात लिहिलं असन तेवढंच करतो मी. जास्त काहीच नाही."

मी वाचलं, "'प्रथम फाईल योग्य त्या जागी ठेवावी.'"

बळीराम हलले नाहीत.

"ठेवा ना."

"योग्य जागा मंजे कोठी?"

"अहो, उघड आहे. डेस्कटॉपवर."

"मंग तसं लिहा." मी तसं लिहिलं. "डेस्कटॉप मंजे कोणता? हा टेबल?"

मी तेही लिहिलं. चौथ्या ओळीपर्यंत येता येता दुपार झाली. मी चिडून म्हणालो, "बळीराम, तुम्ही मुद्दाम करताय."

"मुद्दाम?" ते म्हणाले, आणि पहिल्यांदा गुडघ्यावरून हात उचलला. "पंप नंबर चार आठवते का तुम्हाले? पंच्याण्णव साली? तुमची पुस्तिका होती माह्या हातात. 'ग्रंथीचे नट आवश्यकतेनुसार घट्ट करावे.' ग्रंथी मंजे ग्लँड, पाणी गळते तो. गरम पाणी उडून राहिलं मूंवर, आन् मी पुस्तिकेचं पान उलटवून राहिलो, का आवश्यकता किती सांगितली म्हणून. दोन घंटे उभा होतो. मांगच्या पानावर होतं, 'पुढील पान पाहावे.'"

"मग काय केलंत?"

"पुस्तिका पाइपाले गुंडाळली. पाणी थांबलं." त्यांनी चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "कामाची होती तशी."

तीस वर्षांनी कळलेली गोष्ट, आणि तीही चहा पिता पिता. मी त्या चार ओळी फाडल्या आणि पुन्हा बसलो. बळीराम पाच दिवस रोज येत होते. 'आवश्यकतेनुसार' गेलं. 'योग्य' गेलं. 'संबंधित' गेलं तेव्हा तर मला एक दात काढल्यासारखं झालं. सहाव्या मसुद्यात असं झालं : 'उजव्या कोपऱ्यात, तीन टिंबं उभी आहेत, त्यावर एकदा दाबा. एक यादी उघडेल. नाही उघडली तर पुन्हा एकदा दाबा.' बळीरामांनी आयुष्यात लॅपटॉपला हात लावला नव्हता, तरी न विचारता शेवटपर्यंत गेले. मी कागद तीन प्रतींत काढला, प्रत्येकीला प्लगइनचा पेनड्राईव्ह जोडून. गुलाबरावांना एक, हिराबाईंना एक, आणि कार्यालयीन प्रत स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली, जिथे आमचं कार्यालय आहे.

एका गोष्टीची खबरदारी मी घेतली होती. एकदा हात पोळल्यामुळे प्लगइनमध्ये तीनऐवजी एकच प्रत ठेवली, आणि पाठवण्याआधी 'खात्री आहे का?' असं विचारायची सोय केली. तीनदा. कागदात सातवी पायरी लिहिली होती : 'घाई असल्यास हा प्रश्न काढून टाका,' आणि कसा काढायचा तेही. माझा मी काढला नाही. सुरक्षितता आधी, हे पोस्टर मीच लिहिलं होतं.

रविवार. दहा वाजले. मी बटन दाबलं. खात्री आहे का? आहे. खात्री आहे का? आहे हो. खात्री आहे का? तेवढ्यात समोरच्या घरातून गुलाबराव ओरडले, "दुपार भेटली!" मग गल्लीच्या टोकाहून हिराबाई, "माही सकाळ!" आणि माझ्या पडद्यावर आलं : 'तीस जूनची सर्व सत्रे भरली आहेत.'

संध्याकाळ कोणी घेतली हे विचारायचीही ताकद नव्हती. कोणीतरी परकं. माझाच कागद कोणीतरी कोणाला तरी दिला असणार. तो इतका चांगला लिहिला होता, की कोणालाही जमला असता. आयुष्यात एकदाच सरळ लिहिलं आणि त्यानंच माझी संध्याकाळ नेली. आता आत जाऊन रुक्माला काय सांगायचं? छत्तीस वर्षं लाईनच्या दोन्ही टोकांची माणसं बोलत राहिली आणि मधे ती. आणि तिच्या एका संध्याकाळची लाईन मला लागली नाही.

"रुक्मा," मी दारात उभा राहून म्हणालो, "नाही झालं."

ती पलंगावर सुगतचा जुना लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. बाजूला फळीवरची कार्यालयीन प्रत, तिच्यावर हळदीचं बोट.

"झालं," ती म्हणाली, आणि फोन माझ्यासमोर धरला. सभासद क्रमांक तिचा. नातं : स्वतः. सत्र : संध्याकाळ. वेळ : दहा वाजून दोन सेकंद. "एक्स्चेंजमध्ये दिवा लागला का एका सेकंदात जोडा लागे. मले कोण हरवते?"

"पण तू... कधी शिकलीस?"

"शिका काय लागते? कागद वाचला." तिनं चष्मा काढला. "चाळीस वर्षांत तुमचं लिहिलेलं पहिल्यांदा समजलं मले."

तीस जूनला मैत्री सभागृह भरलं. सकाळी हिराबाई, दुपारी गुलाबराव, ज्यांच्या निरोपात लोक खरोखरच घोरले. संध्याकाळी रुक्मा बोलली, वीस मिनिटं (उत्सवमूर्तीला वेळेचं बंधन नव्हतं), कागदाशिवाय, आणि कोणी कूससुद्धा बदलली नाही. मग पतीचे दोन शब्द. माझ्याकडे पंधरा पानं होती. सुरुवात मी भूमिकेपासून केली. भूमिका संपवून 'आणि अशा वेळी माझी पत्नी रुक्मा हिनं मला' इथवर आलो, आणि माईक बंद पडला. मी केवलरामांकडे बघितलं. त्यांनी घड्याळ दाखवलं. तीन मिनिटं झाली होती.

मी पानं हातात धरून उभा.

"असू द्या, बसा आता," स्टेजवरच्या खुर्चीतून रुक्मा म्हणाली, हार सावरत. "पुढचं मले माहीत आहे."